थप्पड खायची, पण चुकवायची नाही: याला खेळ म्हणावं का?

मारण्यासाठीच्या शब्दांची मराठीत टंचाई नाही. चापट, थप्पड, चपराक, थोबाडीत, मुस्कटात, कानफटात, कानाखाली. प्रत्येकाचा वजनगट वेगळा. चापट लाडातही बसते, कानाखाली मात्र जाळच निघतो. आणि जोरात बसली की ‘डोळ्यांपुढे काजवे चमकले’ असं आपण हसत हसत सांगतो. डॉक्टरांच्या लेखी हे काजवे गमतीचे नाहीत. डोक्याला मार लागल्यावर डोळ्यांपुढे चांदण्या दिसणं हे मेंदूला हादरा बसल्याचं, म्हणजे कन्कशनचं, एक लक्षण आहे.

हे आधीच सांगायचं कारण, स्लॅप फायटिंगबद्दलचा, म्हणजे थपडांच्या लढतींबद्दलचा, घोळ इथूनच सुरू होतो. ठोसा म्हटलं की आपल्याला इजा दिसते आणि थप्पड म्हटलं की अपमान दिसतो. त्यामुळे दोन धिप्पाड माणसं समोरासमोर उभी राहून आळीपाळीने एकमेकांच्या गालावर देताना पाहिली की पहिली प्रतिक्रिया हसण्याची होते. या प्रकाराचा जगभर बोलबाला झाला तोही असाच. २०१९ मध्ये सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कच्या एका स्पर्धेत वासिली कामोत्स्की नावाचा, ‘पेल्मेन’ या टोपणनावाचा शेतकरी समोरच्यांना एकेका थपडेत आडवं करत गेला आणि त्याच्या चित्रफिती फोनाफोनांतून फिरल्या. तीनच वर्षांत ही गंमत परवान्यापर्यंत पोचली. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगाने स्लॅप फायटिंगला रीतसर मान्यता दिली, आणि यूएफसी या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणाऱ्या कंपनीचे प्रमुख डेना व्हाइट यांची ‘पॉवर स्लॅप’ ही स्पर्धा २०२३ च्या जानेवारीत टीव्हीवर आली.

आता त्यात वजनगट आहेत, पंच आहेत, गुण आहेत, विजेतेपदाचे पट्टे आहेत. मग खेळ म्हणायला हरकत काय? याचं उत्तर नियमावलीतच आहे, म्हणून आधी एक फेरी जवळून पाहू.

एका फेरीत नेमकं काय होतं

दोघांच्या मध्ये कंबरेएवढ्या उंचीचं एक अरुंद टेबल असतं. आधी कोण मारणार हे नाणं उडवून ठरतं. ज्याची पाळी आहे त्याला मारणारा म्हणू, दुसरा झेलणारा.

झेलणाऱ्याच्या दातांवर माउथगार्ड असतो, कानात बोळे असतात. तो दोन्ही हात पाठीमागे नेतो आणि तिथे एक छोटी काठी धरून ठेवतो, म्हणजे हात आपसूक वर येत नाहीत. हनुवटी छातीकडे झुकवायची नाही, खांदा उचलायचा नाही, मान वळवायची नाही, दचकायचं नाही. यातलं काहीही केलं तर फाउल. त्याच्या मागे दोन माणसं तयारीत उभी असतात. त्यांचं काम एकच, तो कोसळला तर त्याचं डोकं जमिनीला लागू द्यायचं नाही.

मारणाऱ्याने कोणत्या हाताने मारणार आणि त्याआधी हात किती वेळा नुसता फिरवून अंतर बघणार, हे पंचाला सांगायचं असतं. पाय जागचे हलवायचे नाहीत. तळवा आणि बोटं गालाला एकाच वेळी टेकली पाहिजेत. मनगटाजवळचा तळव्याचा टणक भाग आधी लागला तर तो मार थपडेचा नसून सोट्याचा ठरतो आणि फाउल दिला जातो. जागाही आखून दिलेली असते, डोळ्याच्या खाली आणि हनुवटीच्या वर. कान, कानशील, गळा वर्ज्य.

थप्पड बसली की झेलणाऱ्याला सावरायला ६० सेकंद मिळतात. तेवढ्यात तो पुन्हा जागेवर नीट उभा राहिला तर पाळी बदलते. नेहमीच्या लढतीत अशा तीन फेऱ्या, विजेतेपदाच्या लढतीत पाच. कोणीच आडवा झाला नाही तर परीक्षक बॉक्सिंगसारखे दहाच्या पट्टीवर गुण देतात. मार किती परिणामकारक होता आणि झेलणाऱ्याने तो कसा पचवला, हे पाहून.

मारणाऱ्याचं कौशल्य किती?

आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पाऊल पुढे टाकायला बंदी असल्यामुळे सगळी ताकद वळण्यातून काढावी लागते. मागच्या पायाचा रेटा कमरेत येतो, कंबर धड फिरवते, धड खांद्याला ओढतं आणि हात सर्वांत शेवटी चाबकासारखा येतो. नवखा माणूस उलट करतो. खांदा आवळून नुसत्या हाताने मारतो, मग आवाज मोठा होतो आणि समोरचा जागचा हलतही नाही.

आवाजाने फसू नये. सपाट तळवा आणि सपाट गाल यांच्यामधली हवा झटकन बाहेर फेकली जाते, तिचा तो फटाका असतो. नुसती बोटं लागली तरी कडाडून आवाज येतो, कातडी लाल होते, डोळ्यांत पाणी येतं. डोक्याला मात्र वळण कमी मिळतं. खरी जोरकस थप्पड ऐकायला कधीकधी भरीव, ‘धप्’ अशी असते.

चुका ठरावीक असतात. नेम बोटभर वर गेला की मार कानशिलावर किंवा कानावर. कानाचं भय वेगळंच आहे. खोलगट तळवा कानावर बसला की आत कोंडलेली हवा कानाच्या नळीत दाबली जाते आणि पडदा फाटू शकतो. कानातले बोळे त्यासाठीच. नेम खाली गेला की जबडा. हात उशिरा वळला की तळव्याचा टणक भाग आधी लागतो. टाच उचलली गेली की पाऊल टाकल्याचा फाउल.

म्हणजे अर्धी फेरी कसबाची आहे. प्रश्न उरलेल्या अर्ध्याचा आहे.

गालावर बसतं, पण हलतो मेंदू

डोक्याचं वजन साधारण साडेचार ते पाच किलो. आतला मेंदू सुमारे १.४ किलोचा, घट्ट दह्याइतका मऊ आणि पातळ द्रवात तरंगणारा. गालावर बाजूने जोर लागला की कवटी मानेच्या आसाभोवती गर्रकन फिरते. मेंदू मात्र आधी आहे तिथेच राहू पाहतो, मग मागून ओढला जातो. या मागेपुढे होण्यात त्याचे थर एकमेकांवर घसरतात आणि चेतापेशींचे लांब, केसाहून बारीक तंतू ताणले जातात. ताणलेल्या तंतूंमधून क्षारांची नको तशी ये-जा सुरू होते, पेशी ती निस्तरण्यात आपली ऊर्जा खर्च करतात आणि काही काळ मेंदूचं कामकाज विस्कटतं. हेच कन्कशन. कवटी फुटायची गरज नाही, रक्त यायची गरज नाही, शुद्ध जायचीही गरज नाही.

सरळ धक्क्यापेक्षा गोल फिरवणारा धक्का मेंदूला जास्त घातक, हे काही नवं ज्ञान नाही. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबर्न यांनी १९४३ मध्ये जिलेटिनच्या प्रतिकृती वापरून हे मांडलं होतं. जिलेटिन दाबलं तर फारसं बिघडत नाही, पिळलं की आतून सरकतं. मेंदूचंही तसंच.

आता थप्पड आणि ठोसा शेजारी ठेवून बघा. ठोशाचा सगळा जोर बोटांच्या पेरांएवढ्या जागेवर येतो, म्हणून कातडी फाटते, गालाचं हाड मोडतं. थपडेत तोच जोर पंजाभर पसरतो, म्हणून चेहरा बराचसा शाबूत राहतो. पण डोकं किती जोरात फिरेल हे जागेच्या आकारावर ठरत नाही. एकूण रेटा किती आणि तो मानेच्या आसापासून किती लांब लागला, यावर ठरतं. दार बिजागरीजवळ ढकललं तर जड जातं आणि कडेला ढकललं तर बोटाने उघडतं, तसंच. जबड्याच्या बाजूने, हनुवटीच्या जवळ बसलेली थप्पड म्हणजे दाराची कडा. थपडेचा चेहरा सौम्य दिसतो एवढंच, आतला हिशेब तसा नाही.

अंग चोरायला बंदी

बॉक्सर ठोसा बसतानाही तीन गोष्टी करतो. एक, ठोशाच्या दिशेनेच डोकं थोडं सोडून देतो. त्यामुळे तोच जोर जास्त वेळात वाटला जातो आणि झटका मवाळ होतो. दोन, खांदा, कोपर किंवा हातमोजा मध्ये घालतो. तीन, हनुवटी छातीला टेकवून मान आवळतो, म्हणजे डोकं धडाला जोडलं जातं आणि पाच किलोचा गोळा एकटा फिरण्याऐवजी अख्खं शरीर तो मार वाटून घेतं. आणि या तिन्हींच्या आधी चौथी गोष्ट, तिथे नसणं. चांगला बॉक्सर समोरच्याचे बहुतेक ठोसे हवेत घालवतो.

स्लॅप फायटिंगमध्ये यातलं पहिलं, दुसरं आणि चौथं हे फाउल आहेत. तिसऱ्याचंही अर्धंच शिल्लक राहतं, कारण मान आवळता येते, पण हनुवटी खाली घेता येत नाही. मार येणार हे ठाऊक असल्यामुळे माणूस तयार असतो, आणि बेसावध डोक्यापेक्षा तयार डोकं कमी फिरतं, हे खरं. पण तयारीला मर्यादा आहे, कारण शेवटच्या क्षणी शरीर जे आपोआप करतं तेच इथे गुन्हा ठरतं. डोळे मिटणं, मान चोरणं, खांदा वर येणं या आपल्या प्रतिक्षिप्त क्रिया आहेत, डोकं वाचवण्यासाठीच घडलेल्या. इतर लढतींच्या खेळांत त्यांना धार लावतात. इथे त्या मारून टाकायला शिकवतात.

नेमबाजही दचकणं घालवतोच की, असं कोणी म्हणेल. बरोबर. पण त्याच्या बंदुकीचं तोंड त्याच्याकडे नसतं.

क्रिकेटच्या नियमांत याच्या नेमकं उलटं एक कलम आहे. चेंडू अंगाला लागून धावा काढल्या तर त्या लेगबाय म्हणून कधी मिळतात? फलंदाजाने चेंडू खेळायचा प्रयत्न केलेला हवा, नाहीतर तो चुकवायचा प्रयत्न केलेला हवा. नुसतं अंग पुढे करून उभं राहिलात तर धाव नाही. म्हणजे तिथे चुकवू पाहणाऱ्याला नियम साथ देतो, इथे चुकवू पाहणाऱ्याला शिक्षा होते. आमच्या मते सगळा वाद या एका कलमाशी येऊन थांबतो.

६० सेकंदांचा हिशेब

थप्पड बसल्यावर बहुतेक प्रेक्षक मारणाऱ्याकडे बघतात. झेलणाऱ्याकडे बघा. हात हवेत ताठ झाले का, एक सरळ आणि एक कोपरात वाकलेला? बेशुद्धीत येणारा हा ताठरपणा मेंदूच्या बुंध्याजवळच्या भागाला धक्का बसल्याचं लक्षण मानतात. तलवारबाजाच्या पवित्र्यासारखा दिसतो म्हणून त्याला फेन्सिंग प्रतिक्रिया म्हणतात. जानेवारी २०२३ मध्ये एका लढतीत हे स्पष्ट दिसलं, तेव्हा कन्कशनवर काम करणारे माजी कुस्तीपटू आणि मेंदूविज्ञानाचे अभ्यासक ख्रिस नोविन्स्की यांनी जाहीर टीका केली होती. इतकं ठळक नसेल तर गुडघे बघा, दोरी तुटलेल्या कठपुतळीसारखे होतात का. नजर बघा, समोरच्यावर आहे की त्याच्या पलीकडे कुठेतरी. टेबल धरायला गेलेला हात टेबलावर पडतो की शेजारी, तेही बघा.

पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच केलं. पॉवर स्लॅपच्या ५६ स्पर्धकांना बसलेल्या ३३३ थपडांच्या चित्रफिती त्यांनी लक्षणं शोधत तपासल्या. २०२४ मध्ये ‘जामा सर्जरी’ या नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात तीन चतुर्थांशाहून जास्त स्पर्धकांमध्ये कधी ना कधी कन्कशनचं किमान एक दृश्य लक्षण दिसलं. अर्थात चित्रफितीवरून निदान होत नाही, लक्षण दिसतं इतकंच. पण डोकं दुखणं, मळमळ, विसर पडणं ही लक्षणं चित्रफितीत दिसतही नाहीत, हे लक्षात घेतलं तर आकडा फुगलेला म्हणता येत नाही.

आता बाकीचे खेळ असं लक्षण दिसल्यावर काय करतात ते बघा. खेळांमधल्या कन्कशनवर दर काही वर्षांनी जागतिक तज्ज्ञांची परिषद भरते; ॲमस्टरडॅमच्या २०२२ च्या परिषदेतही जुनाच नियम कायम राहिला. संशय आला की खेळाडू बाहेर, आणि कन्कशन ठरलं तर त्या दिवशी परत नाही. परतीचा रस्ता पायऱ्यांचा असतो, प्रत्येक पायरीला किमान २४ तास. रग्बीत नुसता संशय असला तरी खेळाडूला १२ मिनिटं बाहेर नेऊन तपासतात. हौशी बॉक्सिंगमध्ये डोक्यावरच्या माराने लढत थांबली तर किमान ३० दिवस सक्तीची विश्रांती.

आणि इथे? लक्षण दिसलं की घड्याळ सुरू होतं, परत उभं राहण्यासाठी. ६० सेकंदांत जागेवर आलास तर तू सावरलास, आणि पुढची थप्पड त्याच डोक्यावर. पंच किंवा डॉक्टर मध्ये पडून लढत थांबवू शकतात, पण एका मिनिटात, दिव्यांच्या झगमगाटात, हादरलेल्या माणसाला ‘बरा आहेस ना?’ विचारून खरं उत्तर मिळत नसतं. विचारायचं ज्याला, त्याचंच उत्तर देणारं यंत्र हादरलेलं.

लक्षणं उशिरा येतात ही दुसरी अडचण. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला. तो बाहेर गेला, तपासणी झाली, परत येऊन त्याने फलंदाजीही केली. त्रास जाणवला तो नंतर. दुसऱ्या दिवशी तो सामन्यातून बाहेर पडला आणि मार्नस लाबुशेन कसोटी क्रिकेटमधला पहिला कन्कशन बदली खेळाडू ठरला. पूर्ण वैद्यकीय पथक हाताशी असताना हे कळायला एवढा वेळ लागला, तर ६० सेकंदांत काय कळणार?

सर्वांत वाईट शक्यता रक्तस्रावाची. मेंदूच्या पृष्ठभागावरून कवटीच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा झटक्याने फाटतात आणि हळूहळू रक्त साचत जातं. कधी माणूस शुद्धीवर येतो, बोलतो, ठीक वाटतो आणि काही तासांनी खालावतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये पोलंडमधल्या व्रोत्सुआफ शहरात आर्टुर वाल्चाक हा नावाजलेला ताकदवान खेळाडू अशाच एका थपडांच्या स्पर्धेत कोसळला आणि पुढच्या महिन्यात रुग्णालयात मरण पावला. तो अशक्त नव्हता, नाजूक नव्हता. दंडाच्या आणि मानेच्या स्नायूंनी कवटीच्या आतल्या शिरा जाड होत नाहीत.

पण बॉक्सिंग तरी काय सोवळं आहे?

समर्थकांचा हा सगळ्यात जोरदार मुद्दा, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. बॉक्सर एका लढतीत शेकडो ठोसे खातो, सरावात त्याहून जास्त. इथे एका रात्री तीन थपडा. आयुष्यभराची बेरीज केली तर बॉक्सरच्या मेंदूवर ओझं जास्त असू शकतं. ब्रिटिश मेडिकल असोसिएशन १९८० च्या दशकापासून बॉक्सिंगवर बंदी मागत आली आहे, ती उगाच नव्हे.

पण फरक संख्येत नाही, रचनेत आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगासमध्ये रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा किम डुक-कू कोसळला आणि काही दिवसांनी मरण पावला. त्यानंतर विजेतेपदाच्या लढती १५ फेऱ्यांवरून १२ फेऱ्यांवर आल्या. बॉक्सिंग तरीही बॉक्सिंगच राहिलं. फेऱ्या आणखी कमी करा, पंचाला लवकर थांबवायला सांगा, सरावात डोक्यावर मारणं बंद करा. खेळाचा गाभा शाबूत राहतो, कारण गाभा ‘मारायचं आणि मार चुकवायचा’ हा आहे. स्लॅप फायटिंगमध्ये धोका कमी करायला जावं तर हात गाभ्यालाच लागतो. चुकवू द्यावं तर थप्पड बसत नाही. जोर कमी करावा तर निकाल लागत नाही. लक्षण दिसताच थांबवावं तर बऱ्याच लढती दुसऱ्या फेरीपर्यंत पोचणारच नाहीत.

दुसरा आक्षेप असा की वेटलिफ्टिंग, गोळाफेक, गोल्फ यांत तरी समोरचा कुठे अडवतो? आळीपाळीने आपापली करामत दाखवायची, तसंच हे. दिसायला तसंच, पण गोळाफेकीत माझा गोळा तुझ्या पुढच्या फेकीची ताकद काढून घेत नाही. इथे माझी पाळी म्हणजे तुझ्या पाळीचं नुकसान. म्हणून नाणेफेकीला अवाजवी किंमत येते. आधी मारणारा ताज्या डोक्याने मारतो, दुसरा हादरलेल्या डोक्याने, तेही मारायची पाळी आलीच तर. क्रिकेटमध्ये नाणेफेकीने झुकतं माप मिळतं, इथे कधीकधी निकालच लागतो.

खेळ कशाला म्हणावं याचे निकष सर्वमान्य नाहीत, पण आता विसर्जित झालेल्या आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघांच्या संघटनेने, म्हणजे गाइस्फने, काही साधे निकष लावले होते. स्पर्धा असावी, दैवाचा भाग मुद्दाम पेरलेला नसावा, खेळाडूच्या आरोग्याला अवाजवी धोका नसावा, कोणत्याही जिवाला इजा करणारा नसावा, साहित्य एकाच पुरवठादारावर अवलंबून नसावं. पहिला आणि शेवटचा निकष स्लॅप फायटिंग सहज पार करतं. मधल्या तीनवर अडखळतं.

थप्पड स्वतः मात्र खेळाबाहेरची नाही. सुमोमध्ये ‘हारिते’ म्हणजे उघड्या तळव्याने मारलेली थप्पड कायदेशीर आहे. फक्त दोन्ही तळवे एकदम दोन्ही कानांवर मारायला मनाई आहे, कारण उघड आहे. जपानच्या पॅनक्रेस या लढतींमध्ये १९९३ पासून सुरुवातीची काही वर्षं डोक्यावर मुठीने मारायला बंदी होती, उघड्या तळव्याने मारायचं. दोन्हीकडे समोरच्याला सरकता येतं, हात मध्ये घालता येतो, उलट हल्ला करता येतो. त्यामुळे दोष तळव्याला देऊन चालणार नाही.

मग मान्यता द्यायची की नाही?

इथे दोन प्रश्न एकात गुंतलेत, ते सोडवलेले बरे. ‘खेळ म्हणून मान द्यावा का’ हा एक, आणि ‘सरकारी देखरेखीखाली आणावा का’ हा दुसरा. पहिल्याला आमचं उत्तर नाही असं आहे. दुसरा अवघड आहे, कारण बंदी घातली की स्पर्धा थांबतेच असं नाही. ती गोदामात, तळघरात, बारमध्ये जाते, जिथे मागे धरणारी दोन माणसंही नसतात. परवान्याबरोबर डॉक्टर येतो, रुग्णवाहिका येते, तपासण्या येतात, हरल्यावर सक्तीची सुट्टी येते. ही बाजू खरी आहे. पण परवान्याबरोबर प्रतिष्ठाही येते, आणि ती बघून कोवळी पोरं वर्गाच्या मधल्या सुट्टीत एकमेकांना गाल देऊ लागतात. नेवाडा आयोगाच्या तत्कालीन अध्यक्षांनी पुढे काही महिन्यांतच परवानगी देण्यात आपली चूक झाल्याचं जाहीरपणे सांगितलं, ते या ओढाताणीतूनच. धोक्याचा कार्यक्रम म्हणून नियंत्रण ठेवावं, खेळ म्हणून नव्हे, हा मधला रस्ता आम्हाला पटतो. स्टंटबाजीवर सुरक्षेचे नियम असतात; पण तेवढ्यावरून तिला कोणी पदकं वाटत नाही.

तरीही कोणी उतरणारच असेल, तर आयोजकाला थोडक्यात विचारायचं ते असं. लढत थांबवण्याचा शेवटचा शब्द डॉक्टरचा आहे की आयोजकाचा? लढतीआधी मेंदूचं स्कॅन आणि डोळ्यांची तपासणी होते का? आडवा झाल्यावर किती दिवस सुट्टी, आणि त्या काळात दुसऱ्या स्पर्धेत उतरला तर कोण पकडणार? खाली गादी आहे का? उभ्या माणसाचं बेशुद्ध डोकं दीडेक मीटरवरून टणक जमिनीवर आपटलं तर तो थपडेहून मोठा मार असतो, म्हणून हा प्रश्न शेवटचा असला तरी किरकोळ नाही. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्याने किंवा आधी कन्कशन होऊन गेलेल्याने तर विचारही करू नये.

गमतीगमतीत घरात किंवा मैदानात थप्पड जोरात बसली, तर पहिले २४ तास त्या माणसाला एकटं सोडू नका. दारू नाही, गाडी चालवणं नाही, त्या दिवशी पुन्हा खेळ नाही. डोकेदुखी वाढत चालली, उलट्या पुन्हा पुन्हा झाल्या, बोलणं जड झालं, एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसली, झटके आले, कानानाकातून पाण्यासारखं काही आलं किंवा हलवूनही नीट जाग येत नसेल, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं.

राहता राहिली खेळ होण्याची गोष्ट. कागदावर बदल अगदी लहान आहे. नियमावलीतून दचकण्याचा फाउल खोडायचा, पाठीमागची काठी काढून घ्यायची आणि झेलणाऱ्याला मान बाजूला करू द्यायची. पहिल्याच रात्री निम्म्या थपडा हवेत जातील. दुसऱ्या महिन्यात कोणीतरी पाय हलवायची परवानगी मागेल, कारण हलणाऱ्या गालावर उभ्या जागेवरून नेम धरता येत नाही. पाय हलले की मधलं टेबल आड येईल, म्हणून तेही जाईल. मग पाळी कशाला पाळायची, असं कोणीतरी विचारेलच.